एका टाकीत जाऊन येणं

पेमाच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं. उसाच्या फडात कोयता हुकला आणि ती तिथंच राहिली. असा हात झालेल्या माणसाला मुकादम टोळीत घेत नाही. त्या वर्षी दसरा झाला, ट्रक आले, साखरा गावाच्या वरच्या अंगाचा तांडा बघता बघता रिकामा झाला. मागं उरली म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं, शेळ्या आणि तिशीतला पेमा.

दिवसभर तो ओट्यावर बसून राही. पाण्याला जाणाऱ्या म्हाताऱ्या बाया त्याच्याकडं बघायचं टाळत. ऐन हंगामात तरणा माणूस तांड्यात दिसणं बरं नाही, असं त्यांना वाटे.

क्लच दाबायला अंगठा आणि दोन बोटं पुरतात, हे त्याला पुढच्या साली कळलं. हिंगोलीतल्या एका कंपाउंडरनं आपली जुनी मोटरसायकल विकायला काढली. शंभर सीसीची, टाकीचा रंग उडालेली. पेमानं बायकोच्या अंगावरची चांदी मोडून ती घेतली. बायको महिनाभर बोलली नाही. नव्वद सालानंतरचा तो काळ. तांड्यावर फोन नव्हता. अर्धा तांडा सहा महिने पावणेतीनशे किलोमीटरवर, शेवगावच्या पुढं गोदावरीच्या काठी, पाचटाच्या झोपड्यांत, कोप्यांत, राही. इकडच्यांना तिकडची खबर नसे. पेमा गाडी घेऊन या दोघांच्या मधे उभा राहिला.

महिन्यातून दोनदा तो जाई. ज्वारीचं पीठ, लसणाची चटणी, दम्याच्या गोळ्या, घरी विसरलेलं एखादं स्वेटर. आणि निरोप. निरोप तो जसाच्या तसा सांगे. म्हातारी बोलता बोलता कुठं रडली तेही सांगे. कोप्यांपुढं गाडी थांबली की बाया हातातली मोळी टाकून धावत. तांड्याच्या नायकानं बैठकीत ठरवून दिलं होतं की पेट्रोल तांड्यानं घालायचं, आणि ज्याच्याकडं रोकड नाही त्यानं ज्वारी द्यायची. म्हणजे टाकीतला थेंबन् थेंब कुणाच्या तरी घरातून आलेला. तो वाया घालवायचा नाही, हा पेमाचा नेम झाला.

सेनगावच्या पंपावर गाडीवाल्यांचा अड्डा असे. कुणी म्हणे माझी सत्तर देते, कुणी म्हणे ऐंशी. जाहिरातीतली तर त्याहून पुढं पळे. पेमा सगळं ऐकून घेई. मग म्हणे, जाहिरातीतल्या माणसाच्या मागं पिठाचं पोतं बांधा आणि मग सांगा. त्याची गाडी एकट्यानं, सकाळच्या गार हवेत, पन्नासच्या आत चालवली तर लिटरला पासष्ट जाई. काटा साठच्या वर नेला की तीच गाडी पन्नासवर येई. मागं माणूस बसलं, वारा तोंडावर आला, की अजून खाली. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तांड्याचं पेट्रोल होतं, म्हणून तो लक्ष ठेवून होता.

टाकी दहा लिटरची होती. पेट्रोल दाखवणारा काटा गाडीला नव्हता. पेमानं तुराटीची एक सरळ काडी सोलून घेतली, एकेक लिटर ओतत तिच्यावर चाकूनं खुणा केल्या. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करायची, काडी टाकीत बुडवायची आणि ओली रेघ वाळायच्या आत बघायची. काडी सीटखाली खोचलेली असे. पंपावरचे हसत.

"पेमासिंग, डॉक्टर कवा झाला? गाडीचा ताप बघून राहिला का?"

एका खेपेला त्यानं सेनगावात टाकी भरली, कोप्यांवर गेला, परत आला आणि सेनगावच्या वेशीत गाडी रिझर्व्हला लागली. त्या दिवसापासून तांड्यात बोलणं झालं, आपला पेमा एका टाकीत जाऊन येतो. तो स्वतः हे सांगत नसे. पण दुसरं कुणी सांगितलं की खाली मान घालून हसे.

लालसिंग त्याचा चुलतभाऊ. घराला घर लागून. लालसिंग आणि त्याची बायको शीला हंगामाला जात, तेव्हा त्यांची पोरगी पुजा आजीजवळ, जिवनबाईजवळ राही. तांड्यातल्या बाकीच्या पोरी सातवीला शाळा सोडून कोयत्यामागं गेल्या. पुजा राहिली. दोन हजार सालानंतर एकदोन वर्षांनी ती दहावीला आली. त्याच वर्षी, दसऱ्याच्या आधी, कळमनुरीकडच्या एका तांड्यातून तिला मागणी आली. फडात नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. मुलगा हाताला चलाख होता, त्याला बायको मिळाली की कोयता पुरा होणार होता. मुलाकडच्यांना घाई होती.

लालसिंगनं नायकापुढं शब्द दिला. पोरगी दहावी पास झाली तर हिंगोलीला वसतिगृहात जाईल, पुढं दोन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही. पास झाली नाही तर निकाल लागताच हळद. पुजा बापाच्या मागं उभी राहून ऐकत होती. पेमा तिथंच होता. उठताना पुजा त्याला हळूच म्हणाली, काका, मी पास व्हते. जणू त्यानंच अट घातली होती.

जानेवारीत शीलाच्या पायावर कोयता बसला. टोळीत एक हात कमी पडला. मुकादमाची जीप तांड्यावर आली आणि पुजाला घेऊन गेली. पंधरा दिवसांचं काम आहे, मुकादम म्हणाला. त्याचे दोन महिने झाले. पुजा दप्तर सोबत घेऊन गेली होती; हॉलतिकीट पेमानं शाळेतून घेऊन मागाहून तिला नेऊन दिलं. पेमा कोप्यांवर जाई तेव्हा ती मोळ्या बांधताना दिसे. उसाच्या पात्यांनी बोटं चिरलेली, त्यांवर चिंध्या गुंडाळलेल्या. एकदा तिनं बोटं त्याच्यापुढं धरली.

"काका, पेन धरलं की दुखतं. पण धरता येतं."

परीक्षेच्या आधी लालसिंग तिला यष्टीनं आणणार होता. तेवढ्यात टँकरवाल्यांचा संप झाला. पंप कोरडे पडायला लागले. डिझेल नाही म्हणून यष्ट्या निम्म्या झाल्या, मग लांबच्या बंदच झाल्या. साखऱ्याच्या एसटीडी बूथवर लालसिंगचा फोन आला. बूथवाल्यानं तांड्यावर निरोप पाठवला: पुजा इथंच अडकली, गाड्या न्हाईत, पेमाभाऊला सांगा.

दुसऱ्या दिवशीच्या पुढचा दिवस परीक्षेचा. पहिला पेपर मराठीचा, सेनगावच्या केंद्रावर, अकरा वाजता.

सेनगावच्या पंपावर तळाचं पेट्रोल चाललं होतं. रांग रस्त्यापर्यंत. पेमानं टाकी काठोकाठ भरून घेतली. कॅनमधे द्यायला पंपवाला तयार नव्हता. रांगेतला एक जण म्हणाला, अरे याला कॅन कशाला लागतो, हा एका टाकीत जाऊन येणारा गडी. सगळे हसले. पेमाही हसला.

तो पहाटे निघाला. माजलगाव मागं पडलं आणि वारा सुटला. समोरून, सारखा. धुळीनं डोळे उघडेनात. गाडी वरच्या गिअरला धरेना, तो पुन्हा पुन्हा गिअर खाली पाडत होता. तो टाकीवर ओणवा झाला, कोपरं आत घेतली. तरी गाडी ओढत ओढत चालली होती. कोप्यांवर पोचायला ऊन कललं.

त्याला लगेच परत फिरायचं होतं. मुकादम म्हणाला, ट्रक भरायचा आहे, भरणी झाल्याशिवाय कुणी हलणार नाही. लालसिंग हात जोडायला गेला, मुकादमानं पाठ फिरवली. पेमानं हिशेब केला. पहाटे चांदणी वर आली की निघायचं, पन्नासनं गेलं तरी साडेदहाच्या सुमाराला सेनगाव. बसेल.

मग त्यानं सीटखाली हात घातला. काडी नव्हती.

शीला पाय ओढत पुढं आली. सामान सोडताना एक काडी खाली पडली होती म्हणे. तिनं चुलीत सारली. त्याच चुलीवरचा चहा पेमानं नुकताच प्याला होता. ती ओशाळली. पेमा म्हणाला, काडीच तर होती, वहिनी.

फडाच्या बांधावर उसाचे वाळलेले तुरे उभे होते. त्यानं एका तुऱ्याची लांब काडी मोडून घेतली. गाडी सरळ उभी केली, काडी बुडवली, वर काढली. बोटांनी मापून अंदाज घेतला. रेघ त्याला वाटली होती त्याच्या बरीच वर होती. त्यानं पुन्हा बुडवली. अजून थोडी वर. एवढा वारा खाऊन गाडीनं राखलं, असं त्याला वाटलं. त्यानं टाकीवरून हात फिरवला.

कारखान्याचा चिटबॉय तिथं उभा होता. कुठल्या फडात तोड चालायची याच्या चिठ्ठ्या वाटणारं ते पोरगं. भल्या मनाचं होतं. त्याच्या गाडीसाठी कारखान्यानं पेट्रोल राखून ठेवलेलं होतं. दोन लिटर काढून देतो, बाटल्यांत न्या, म्हणाला.

पेमानं त्याला काडी दाखवली. "हे बघा. निम्म्याच्या वर हाय."

"असू द्या की जवळ, काका."

"वझं काहून वाढवू?"

लालसिंग बाजूलाच होता. तो चिटबॉयला म्हणाला, "आमचा भाऊ एका टाकीत जाऊन येतो, साहेब." पुजानं ट्रकवर मोळी चढवता चढवता वळून पाहिलं. ती हसत होती.

पहाटे निघताना शीलानं एक गाठोडं आणून बांधलं. पुजाचे कपडे, सासूसाठी गूळ, दोन पातेली. पेमाला नाही म्हणवेना. पुजानं दप्तर पोटाशी धरलं. तिनं केसांना तेल लावलं होतं. बोटांवरच्या चिंध्या काढून टाकल्या होत्या.

हवा गार होती. गाडी चांगली चालली. पुजा त्याच्या पाठीशी पुटपुटत होती. निबंधाचे मुद्दे, पत्राचा मायना, समास. अर्धं वाऱ्यावर जाई. मधेच ती थांबे, पुन्हा पहिल्यापासून धरी. पेमाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती अडली की तोही श्वास धरून बसे. गेवराई गेलं. माजलगाव गेलं. सूर्य समोर आला.

पाथरी यायच्या आत गाडीनं आचका दिला.

पेमाला आधी वाटलं, कचरा आला असेल. दुसरा आचका बसला. त्यानं वाकून टाकीखालची चावी फिरवली. रिझर्व्ह. गाडी पुन्हा धावू लागली. रिझर्व्ह जिंतूरच्या पुढं लागायला हवं होतं.

दोन-तीन किलोमीटर तो नुसता चालवत राहिला. मग एकदम त्याला ती काडी दिसली. उसाच्या तुऱ्याची काडी आतून भुसभुशीत असते, कापसासारखी. तुराटी जेवढी बुडते तेवढीच भिजते. ही पेट्रोल वर ओढून घेते. काल त्यानं पाहिली ती रेघ पेट्रोलची नव्हतीच, काडी जिथवर प्याली तिथवरची होती. दुसऱ्यांदा बुडवली तेव्हा ती अजून वर गेली होती. तेव्हा तरी समजायला हवं होतं.

आता टाकीत फार तर दीड लिटर. मागं पुजा, दप्तर, गूळ, पातेली. पुढं सगळा सेलू-जिंतूरचा रस्ता, येलदरीचा चढ, आणि मग सेनगाव. चाळीसनं गेलं तर कदाचित पुरेल. पण चाळीसनं गेलं तर अकरा वाजून जातील. साठनं गेलं तर वेळेत पोचता येईल, पण पेट्रोल पोचणार नाही. त्यानं हा हिशेब चार वेळा केला. चारी वेळा तेच आलं.

त्यानं गाडी हळू केली.

पुजाचं पुटपुटणं थांबलं. मग तिनं विचारलं, "काका, काहून हळू चालून राहिले?"

"रस्ता खराब हाय."

रस्ता चांगला होता. तिलाही दिसत होतं. थोड्या वेळानं तिचं कपाळ त्याच्या पाठीला टेकलं. पेमानं मूठ पिळली. गाडी साठला गेली. सेलू मागं पडलं तसा तो पुन्हा घाबरला आणि चाळीसवर आला. मग पुन्हा पिळली. असं करणं सगळ्यात वाईट, हेही त्याला ठाऊक होतं. सारखी कमी-जास्त केलेली गाडी जास्त पिते. पण हात ऐकेना.

सेलूच्या पंपावर दोरी बांधलेली होती, जिंतूरच्याही. जिंतूरच्या नाक्यावर त्यानं गाडी थांबवली आणि जो दिसेल त्याला विचारत सुटला. पानटपरीवाला, भाजीवाला, स्कूटर पुसत बसलेला एक कारकून. पोरीची परीक्षा हाय, अर्धी बाटली द्या. कारकून म्हणाला, स्कूटर चार दिवसांपासून उभी आहे, पुसायचं तेवढं राहिलं. गॅरेजवाल्यानं प्लग धुवायचा डबा पालथा करून दाखवला. डब्यातून एक काळा थेंब पडला. पुजा गाडीजवळ उभी राहून नाक्यावरचं घड्याळ बघत होती.

येलदरीच्या उताराला त्यानं गाडी बंद केली आणि नुसती सोडली. वाऱ्याचा आवाज आणि चेन. धरणाच्या खालचा पूल आला. पलीकडं चढ लागला. निम्म्या चढावर गाडी बंद पडली.

"उतर बाई," तो म्हणाला.

टाकी मधल्या नळीवर घोड्यावरच्या खोगिरासारखी बसलेली असते. चावी डाव्या अंगाला. उजव्या अंगाला थोडं पेट्रोल अडकून राहतं. पेमानं गाठोडं सोडून रस्त्याकडेला टाकलं, गाडी डाव्या कुशीवर आडवी केली, धरून ठेवली, मग उभी केली. चौथ्या-पाचव्या लाथेला ती सुरू झाली. चढ संपला. माथ्यावर थोडं सपाट होतं. तिथं ती जी थांबली ती थांबली.

त्यानं टाकीचं झाकण काढून आत फुंकर मारली. गाडी हलवून पाहिली. आत काही वाजत नव्हतं. मग त्यानं ढकलायला सुरुवात केली. पुजा मागून लोटू लागली. मार्चचं ऊन चढलं होतं.

रस्त्याच्या कडेला मेंढरं बसली होती. पुंजाजी नावाचा हटकर धनगर म्हातारा काठीवर हनुवटी टेकून ही वरात बघत होता. पेमानं त्याला सांगितलं, पेट्रोल सरलं. म्हातारा म्हणाला, खाली पूर्णेच्या काठी अमृतरावाचं रॉकेलचं इंजिन आहे. ते रॉकेलवर चालतं, पण सुरू करायला त्याला घोटभर पेट्रोल लागतं. त्याच्याकडं बाटली असेल.

"पुजा, तू हितंच थांब," पेमा म्हणाला आणि उतारावरून पळत सुटला. काट्यांतून, ढेकळांतून. एक चप्पल तुटली, ती त्यानं तिथंच टाकली.

अमृतराव भुईमुगाला पाणी सोडायच्या तयारीत होता. पेमाला धड बोलता येत नव्हतं. पोरगी, परीक्षा, एवढंच तो म्हणत होता. अमृतरावानं इंजिनाखालची बाटली काढली. निम्मी होती. ती त्यानं पेमाच्या हातात दिली.

"जा पळ. भुईमुगाला उद्या पाणी देतो. एक दिवसानं काही मरत न्हाई."

पेमा वर आला तेव्हा त्याच्या छातीत कळ येत होती. पुजा गाडीजवळ उभी होती तिथंच होती. त्यानं बाटली टाकीत ओतली. पुंजाजी शेजारी आला.

"तुमी खाली गेला आन् एक जीप गेली बघा सेनगावकडं," तो म्हणाला. "डिझेलची. जागा व्हती. डायवर म्हनला, बस पोरी. हिनं न्हाई म्हनलं."

पेमानं पुजाकडं पाहिलं.

"तुमी आले असते अन् मी दिसली नसती," पुजा म्हणाली. "तुमी घाबरले असते, काका."

पेमानं गाडीला लाथ मारली.

सेनगावात शिरताना गाडी सत्तरच्या वर होती. आता पेट्रोल उरो की न उरो. शाळेचं फाटक बंद होतं. बाहेर पोलीस, पालक, कॉप्या पुरवायला आलेली चार टारगट पोरं. आतून काही आवाज येत नव्हता. पुजा गाडी थांबायच्या आत उतरली आणि फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली. शिपायानं तिला पाहिलं, हॉलतिकीट पाहिलं, आत गेला. एक थकलेले, चष्म्यातले गृहस्थ बाहेर आले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अर्धा तास उलटला की आत घेता येत नाही, उलटून बराच वेळ झाला, असं त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही. पुजाची बोटं गजांवर होती. ते त्या बोटांकडं बघत राहिले. मग म्हणाले, थांबा, विचारून येतो. आत गेले. परत आले ते मान हलवत. उद्याच्या पेपरला वेळेवर ये, बाळ, म्हणाले.

पेमानं फाटकाखालून हात घालून त्यांचे पाय धरले. पेमाच्या एका पायात चप्पल, एक पाय रक्ताळलेला. चूक माझी हाय, तिची न्हाई, असं तो म्हणत होता. गृहस्थ मागं सरकायला बघत होते, त्यांना सरकता येत नव्हतं.

पुजा त्याच्याजवळ खाली बसली. तिनं त्याची तीन बोटं धरली आणि एकेक करून त्या बुटावरून सोडवली.

"उठा, काका," ती म्हणाली. "लोक बघून राहिले."

बाकीचे सगळे पेपर तिनं दिले. पंप कोरडेच होते, म्हणून पेमा रोज तिला फाटकापर्यंत पायी नेई, कधी बैलगाडी मिळे. जूनमधे निकाल लागेल तेव्हा लागेल, पण त्याची वाट कुणी पाहिली नाही. एप्रिलमधे टोळ्या परतल्या. लालसिंग ट्रकवरून उतरला आणि सरळ पेमाच्या ओट्यावर येऊन बसला. त्याला सगळं आधीच कळलं होतं.

पेमानं बोलायची तयारी करून ठेवली होती. तो म्हणाला, ऑक्टोबरात राहिलेला पेपर देता येतो. मास्तरांनी सांगितलंय. तवर माझ्या घरी राहू दे तिला. नायकापुढं मी बोलतो. लालसिंगनं सगळं ऐकून घेतलं. तंबाखू मळत होता, ती तशीच हातात राहिली.

"ऑक्टोबरात कोयते निघतात, भाऊ. पोराकडचे थांबून राहतील का? आन् शब्द मीच दिला व्हता."

"कसूर माझा हाय. तिला काहून?"

"तुझा काय कसूर," लालसिंग म्हणाला. "तू गेला तरी. दुसरं कोन गेलं असतं?"

असंच सगळे म्हणत. शीला म्हणाली, काडी मी जाळली. नायक म्हणाला, संप नसता तर काही झालं नसतं. पंपावर तर कुणी विषयच काढत नसे, तो आला की बोलणं बदले. कुणीतरी एक शिवी दिली असती तर पेमाला बरं वाटलं असतं. रात्रीचं जेवण ताटात तसंच राही. बायको ताट उचलून नेई. पुजा शेळ्या घेऊन समोरून जाई आणि काका म्हणून हाक मारी, आधी मारी तशीच. ती हाक त्याला सोसत नसे.

हळदीचा दिवस धरला. तांड्यातांड्यांतून निवतं फिरवायचं होतं. सुपारी आणि हळदीचे तांदूळ घेऊन कुणातरी माणसाला दारोदार जावं लागतं, नुसता निरोप चालत नाही. जिवनबाई पेमाच्या दारात आली. हातात कापडात बांधलेली सुपारी होती.

"तूच दे निवतं," म्हातारी म्हणाली. "तुझ्याइतके रस्ते कोनाला ठाव हायेत?"

त्यानं ती सुपारी घेतली.

संप कधीच मिटला होता. पंपावर रांग नव्हती. त्यानं टाकी भरली. दोन दिवस तो सेनगाव, हिंगोली, औंढ्याच्या बाजूचे तांडे फिरला. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, सुपारी द्यायची, तांदूळ कपाळाला लावायचे, मुलाचं आणि मुलीचं नाव सांगायचं. बाया गूळ-पाणी देत. पोरं गाडीभोवती जमत. गाडी एवढी छान कधी चालली नव्हती.

शेवटचा तांडा औंढ्याच्या डोंगरात होता. तिथला नायक धर्मसिंग, ऐंशीच्या घरातला म्हातारा, लिंबाखाली बाजेवर बसला होता. पेमानं सुपारी त्याच्या हातात ठेवली. म्हाताऱ्यानं ती कपाळाला लावली. कोणाची पोर, कोणत्या तांड्यात देता, मुलगा काय करतो, सगळं विचारून घेतलं.

"पोरगी शिकली का काही?"

"शिकली," पेमा म्हणाला.

"कितवी?"

"दहावी. एक पेपर द्यायचा राहिला."

"काहून राहिला?"

पेमानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"पेट्रोल सरलं."

म्हाताऱ्याला वाटलं, हा अजून काही सांगेल. तो सुपारी हातात धरून, मान पुढं करून वाट बघत बसला.